मेंदूतल्या अळीची रक्तचाचणी कशी बसवावी

नववीतली एक मुलगी. शाळेत प्रार्थनेला उभी असताना तिला फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. स्कॅनमध्ये मेंदूत एक छोटी गोल गाठ दिसली आणि तिच्या रक्ताचं सीरम नागपूरला आमच्या लॅबमध्ये आलं. आमची एलायझा, म्हणजे खळग्यांच्या प्लेटवर रंगावरून अँटिबॉडी दाखवणारी चाचणी, निगेटिव्ह आली. मी सही केली, रिपोर्ट गेला. त्या एका शब्दावर तिला टीबीची औषधं सुरू झाली, उलट्या सुरू झाल्या, लिव्हर बिघडलं. काही आठवड्यांनी चांगल्या मशीनवर एमआरआय झाला, तेव्हा गाठीच्या आत अळीचं डोकं स्वच्छ दिसत होतं. तो न्यूरोसिस्टिसर्कोसिस होता, ज्याला आम्ही दिवसभर एनसीसी म्हणतो.

त्या दिवशी प्लेट बिघडलेली नव्हती. आम्ही ती चाचणी ज्या पद्धतीने बसवली होती, त्या पद्धतीने ती नीटच चालली होती. चूक बसवण्यात होती. नंतर आम्ही ती पहिल्यापासून पुन्हा बसवली. एमएस्सी किंवा एमडी मायक्रोबायोलॉजीच्या मुलामुलींना प्रबंधासाठी असा विषय मिळतो, तेव्हा त्यांना मी जे तोंडी सांगते ते इथे लिहिते आहे.

आधी प्रश्न, मग प्लेट

डुकराच्या मांसातून पोटात जाणारा फीतकृमी म्हणजे टीनिया सोलियम. माणसाने अळी असलेलं कच्चं मांस खाल्लं तर आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याची अंडी मात्र विष्ठेतून बाहेर पडतात आणि हाताला, पाण्याला, भाजीला लागून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्या अंड्यांतून निघालेली अळी मेंदूत बसली की एनसीसी. म्हणूनच "आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही" असं सांगणाऱ्या आईच्या मुलीलाही तो होतो. न्यूयॉर्कमधल्या, डुक्कर कधीच न खाणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांतल्या रुग्णांची हकिकत १९९२ साली प्रसिद्ध झाली. संसर्ग लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकाम करणाऱ्या बायकांकडून आला असावा, असा तिथल्या तपासाचा निष्कर्ष होता. हे आधी पक्कं समजून घ्या. रुग्णाच्या आहारावरून कुणाला 'कंट्रोल', म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या, एनसीसी नसलेल्या लोकांच्या गटात टाकायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा आजार पसरलेल्या भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हाच असतो. पण आजार एक असला तरी रूपं वेगळी. मेंदूत दहा-वीस जिवंत अळ्या असलेला रुग्ण वेगळा आणि एकच मरू घातलेली गाठ असलेला वेगळा. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे रुग्ण खूप. १९८९ साली अमेरिकेत अटलांटाच्या सीडीसीत (रोगनियंत्रण केंद्रात) त्सांग आणि सहकाऱ्यांनी इम्युनोब्लॉट चाचणी मांडली, ज्यात अळीची प्रथिनं पट्टीवर वेगळी करून अँटिबॉडी त्यातल्या कुठल्या बँडला चिकटते ते पाहतात. तिची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांत पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण) ९८ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांत निगेटिव्ह येण्याचं प्रमाण) १०० टक्के आली आणि आजही बाकीच्या चाचण्या तिच्याशी ताडून पाहतात. पण १९९१च्या अभ्यासात तीच चाचणी दोन किंवा अधिक गाठींच्या रुग्णांत ९४ टक्के आणि एकाच गाठीच्या रुग्णांत फक्त २८ टक्के पॉझिटिव्ह आली. मी हे आकडे लॅबच्या भिंतीवर लावले आहेत. एक गाठ म्हणजे अँटिजेन (शरीर ज्यांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं ती अळीची प्रथिनं) थोडं, म्हणून अँटिबॉडीही थोडी. सगळे रुग्ण एकत्र करून काढलेला एकच टक्केवारीचा आकडा इथे फसवतो.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: ही चाचणी कुणाच्या रक्तावर, कुठल्या दोन शक्यतांमधून निवड करायला वापरणार? आमचं वाक्य असं होतं: "फिट येऊन आलेल्या आणि स्कॅनमध्ये गाठ असलेल्या रुग्णात एनसीसी की ट्युबर्क्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ." गावभर सर्वेक्षण करायचं असेल तर वाक्य वेगळं आणि पुढचं जवळजवळ सगळं वेगळं. उपचारानंतर अळी मेली का हे पाहायचं असेल तर अँटिबॉडीची चाचणी बसवूच नका. अळी मेल्यावरही अँटिबॉडी दीर्घकाळ रेंगाळते. त्या कामाला रक्तात किंवा मणक्यातल्या पाण्यात अळीचं अँटिजेन शोधणारी चाचणी लागते.

सीरमचा संच

माझं मत स्पष्ट आहे: एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वेळ इथे घालवा. मुलं अँटिजेन बनवायला उतावीळ असतात आणि सीरम 'जे मिळेल ते' घेतात. चाचणीची खरी परीक्षा घेतात ती एनसीसी नसलेल्यांची सीरमं.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची मराठीत, त्याला समजेल अशा भाषेत संमती, हे आधी. मग खात्रीचे रुग्ण. खात्रीचे म्हणजे डेल ब्रुटो आणि सहकाऱ्यांच्या २००१च्या, नंतर २०१७ साली सुधारलेल्या निकषांत बसणारे: एमआरआयमध्ये अळीचं डोकं दिसलेलं, किंवा बायॉप्सीत अळी सापडलेली, किंवा डोळ्याच्या पडद्यामागे अळी दिसलेली. 'डॉक्टरांना वाटलं म्हणून एनसीसी' असा रुग्ण वेगळ्या यादीत. प्रत्येकासमोर गाठींची संख्या आणि गाठ जिवंत, मरणारी की चुना साठलेली हे लिहा. हा रकाना नंतर भरता येत नाही, कारण तोवर फिल्म घेऊन रुग्ण गावी गेलेला असतो.

कंट्रोलमध्ये हे सगळे हवेत: ट्युबर्क्युलोमाचे रुग्ण, हायडॅटिडचे रुग्ण, बटू फीतकृमीचे, जंतांचे, इतर कारणांनी फिट येणारे, आणि त्याच भागात राहणारे निरोगी लोक. हायडॅटिड सोडू नका. मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासातला हा आजार महाराष्ट्रात आहे आणि त्याच्या अळीची काही प्रथिनं आपल्या अळीच्या प्रथिनांच्या अगदी भावकीतली आहेत.

पहिल्या खेपेला आम्ही निरोगी कंट्रोल म्हणून हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्यांचं रक्त घेतलं. सोपं होतं, हाताशी होतं. त्यावर कट-ऑफ, म्हणजे ज्या रीडिंगच्या वर पॉझिटिव्ह धरायचं ती रेषा, छान खाली बसला. मग जिल्ह्यातल्या एका गावातल्या, कधीच फिट न आलेल्या लोकांची सीरमं लावली आणि त्यातली कितीतरी पिवळी, म्हणजे पॉझिटिव्ह, झाली. त्या लोकांच्या पोटात आयुष्यभर वेगवेगळे जंत येऊन गेलेले. काहींचा सोलियमच्या अंड्यांशीही संबंध आला असणार, अँटिबॉडी तयार झाली असणार आणि अळी मेंदूपर्यंत पोचलीच नसणार. अशी येऊन-जाऊन असणारी अँटिबॉडी या आजाराच्या भागात नेहमीची आहे. जिथे चाचणी वापरायची तिथलेच निरोगी लोक घ्या.

सीरम आल्या दिवशीच लहान लहान भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एका नळीतून पुन्हा पुन्हा वितळवून घेऊ नका. नळीवर साध्या पेनने लिहू नका. स्पिरिटचा बोळा फिरला की नाव गेलं. आणि सॅम्पलला सांकेतिक नंबर दुसऱ्या कुणीतरी द्यायचा. प्लेट वाचणाऱ्याला कोणता खळगा कुणाचा हे माहीत नको.

अँटिजेन

अँटिजेन डुकराच्या मांसातल्या अळीपासून काढायचं, म्हणून पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पॅथॉलॉजीच्या लोकांशी ओळख करून घ्या, त्यांच्याशिवाय हे काम होत नाही. आम्ही पहाटे बर्फाचा डबा घेऊन जायचो. अळी असलेलं मांस पाहिलं की विसरता येत नाही: लाल मांसाच्या धाग्यांमध्ये भिजवलेल्या मोठ्या साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे आणि प्रत्येकात एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे आत वळून बसलेलं डोकं. दाणे जीभ, हृदय, मांड्या यांतले घ्यायचे. यकृतावर किंवा आतड्याच्या पडद्याला लोंबणारी मोठी पाण्याची पिशवी दिसली तर ती बहुधा टीनिया हायडॅटिजेनाची, दुसऱ्याच कृमीची. ती मिसळली की अँटिजेन वाया. शंका असेल तर पीसीआर करून घ्या.

या दाण्यांना हात लागून एनसीसी होत नाही, ते कच्चे पोटात गेले तर फीतकृमी होतो. धोका फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेत आहे. तिचं सॅम्पल हाताळताना मात्र हातमोजे आणि शिस्त यांत सूट नाही.

दाणे थंड पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) तीन-चारदा धुवा, प्रोटीएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं रोखणारं रसायन) घाला, बर्फावर एकेक दाणा टोचून आतलं पाणी गोळा करा, गार सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्या. प्रथिनाचं प्रमाण मोजा, जेलवर पळवा, लहान भाग करून गोठवा. पूर्ण दाणा वाटून केलेल्या कच्च्या अर्कापेक्षा नुसतं पाणी जास्त स्वच्छ निकाल देतं, हा आमचाही अनुभव. डुकरं मिळत नसतील तर उंदराच्या पोटात वाढवता येणारी टीनिया क्रॅसिसेप्स ही बहीण आहे. तिच्या अँटिजेनला एनसीसीच्या रुग्णांचं सीरम ओळखतं आणि ब्राझीलमध्ये त्यावर बरंच काम झालं आहे.

स्पेसिफिसिटी वाढवायची तर शुद्धीकरण लागतं. सीडीसीच्या ब्लॉटमधली ग्लायकोप्रथिनं मसुरापासून काढलेल्या लेक्टिनच्या स्तंभातून गाळून घेतात. प्रथिनांवरच्या साखरेला मसुराचं लेक्टिन धरून ठेवतं, बाकीचं वाहून जातं, मग मिथाइल मॅनोसाइड ओतून धरलेलं सोडवायचं. आपल्या वरणातल्या मसुरातून हे निघतं हे सांगितलं की वर्ग जागा होतो. त्या ब्लॉटमध्ये सात ग्लायकोप्रथिनांचे बँड पाहतात, जीपी५० पासून जीपी१३ पर्यंत. आता टी२४एच आणि जीपी५० ही प्रथिनं पेशींत बनवून घेता येतात आणि टीएस१४ सारखी छोटी प्रथिनं रासायनिक पद्धतीने जोडताही येतात. तुमच्याकडे त्याची सोय असेल तर तिकडेच जा. डुकराच्या प्रत्येक खेपेला अँटिजेन थोडं बदलतं आणि बनवलेलं प्रथिन बदलत नाही.

चेकरबोर्ड

दुसऱ्याच्या पेपरमधलं अँटिजेन-सीरमचं प्रमाण उचलून प्लेट लावू नका. प्रत्येक प्रमाणाची प्रत्येकाशी जोडी लावून पाहा, तोच चेकरबोर्ड. ९६ खळग्यांची एक प्लेट घ्या. डावीकडचे सहा स्तंभ पॉझिटिव्ह सीरमच्या मिश्रणाला, उजवीकडचे सहा निगेटिव्हच्या. दोन्ही अर्ध्यांत अँटिजेन स्तंभागणिक निम्मं करत जा: मिलिलिटरला ८, ४, २, १, ०.५, ०.२५ मायक्रोग्रॅम. आडव्या आठ ओळींत सीरम पातळ करत जा: २५ पट, ५०, १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००. प्लेट बरोबर भरते. अँटिजेन ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, १०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर. सकाळी धुवा, मोकळी जागा स्किम मिल्क किंवा बीएसएने (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाने) झाका, सीरम घाला, धुवा, कॉन्ज्युगेट (माणसाच्या अँटिबॉडीला चिकटणारी, एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी) घाला, धुवा, टीएमबी (त्या एन्झाइममुळे रंग धरणारं द्रव्य) घाला. निळा रंग चढला की आम्लाने थांबवा, तो पिवळा होतो, मग ४५० नॅनोमीटरला वाचा.

आता प्लेट उजेडात धरून बघा. डाव्या वरच्या कोपऱ्यात सगळ्यात गडद पिवळं आहे आणि हात तिकडेच जातो. तिथे थांबू नका. त्याच प्रमाणाचा उजव्या अर्ध्यातला खळगा बघा, तोही पिवळट असतो. प्रत्येक जोडीच्या ओडीचा, म्हणजे रंगाच्या गडदपणाच्या रीडिंगचा, भागाकार करा. सगळ्यात मोठा भागाकार बहुधा मधे कुठेतरी मिळतो, आमचा १ मायक्रोग्रॅम आणि १०० पट सीरमला मिळाला. तुमचा वेगळा येईल. पॉझिटिव्हच्या मिश्रणात एका गाठीवाल्यांचंही सीरम हवं, हे आम्ही मुलीच्या प्रसंगानंतर शिकलो. आधी आमचं मिश्रण जोरदार अँटिबॉडीवाल्या, अनेक गाठींच्या रुग्णांचं होतं आणि सगळी प्रमाणं त्यांच्याच मापाने बसली होती.

दोन गोष्टी नागपुरात हमखास नडतात. प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण २२ ते २५ अंश. मे महिन्यातली आमची खोली म्हणजे ते नव्हे. डिसेंबरात वीस मिनिटं घेणारा रंग मेमध्ये पाहता पाहता चढतो. सगळ्या पायऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठरलेल्या तापमानाला करा. दुसरी गोष्ट म्हणजे कडेचे खळगे आधी सुकतात आणि वेडंवाकडं रीडिंग देतात. प्लेट चिकटपट्टीने झाका, ओल्या टिपकागदाच्या डब्यात ठेवा आणि महत्त्वाची सॅम्पलं कडेला लावू नका.

एकदा आठवडाभर आमच्या सगळ्या प्लेटा पांढऱ्या येत होत्या. अँटिजेन बदललं, कॉन्ज्युगेटची नवी बाटली फोडली, काही उपयोग नाही. शेवटी सापडलं ते वॉश बफरच्या साठ्यात. बुरशी येऊ नये म्हणून कुणीतरी काळजीने त्यात सोडियम अझाइड टाकलं होतं. अझाइड कॉन्ज्युगेटवरच्या एचआरपी एन्झाइमला मारतं. प्रत्येक बाटलीवर काय घातलं, कधी, कुणी हे लिहा.

कट-ऑफ आणि गावाचं गणित

निगेटिव्ह कंट्रोलची सरासरी अधिक दोन किंवा तीन एसडी (प्रमाण विचलन) ही रीत सरसकट आहे. सुरुवातीला चालेल, पुढे आरओसी वक्र (वेगवेगळ्या कट-ऑफला सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी किती ते दाखवणारा आलेख) काढा. ज्या सीरमवर कट-ऑफ ठरवला त्याच सीरमवर चाचणी 'सिद्ध' करू नका. दुसरा, न पाहिलेला संच राखून ठेवा आणि आकडे एका गाठीचे वेगळे, अनेक गाठींचे वेगळे द्या. टीबीच्या रुग्णांतली स्पेसिफिसिटीही वेगळी द्या, कारण वॉर्डातल्या डॉक्टरला तेवढीच हवी असते.

मग हे गणित फळ्यावर मांडा. समजा सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ९५ टक्के. वॉर्डात फिट आलेले १००० जण, त्यातले ३०० एनसीसीचे धरू. खरे पॉझिटिव्ह २७०, खोटे ३५. पॉझिटिव्ह आलेल्या दहातले जवळजवळ नऊ खरे. आता तीच प्लेट १००० गावकऱ्यांवर लावा, ज्यात २० जणांनाच आजार आहे. खरे १८, खोटे ४९. चारातला एकच खरा. चाचणी तीच, नुसती जागा बदलली. म्हणून एलायझा पॉझिटिव्ह आली की ब्लॉटवर पडताळा आणि स्कॅनशिवाय कुणाला 'तुमच्या मेंदूत अळी आहे' असं सांगू नका.

रोजच्या प्लेटवर तेच पॉझिटिव्ह, काठावरचं आणि निगेटिव्ह कंट्रोल लावा आणि त्यांची रीडिंग आलेखावर टिपत राहा. अँटिजेनची नवी खेप आली की जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावून मगच जुनी संपवा. दुसऱ्या लॅबला सांकेतिक नंबरची सॅम्पलं पाठवून निकाल जुळतात का पाहा. कधी किट म्हणून विकायचा विचार असेल तर २०१७च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली परवाना लागतो. त्यासाठी लागणारी कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जमवली तरच जमतात.

रिपोर्ट

आमच्या रिपोर्टवर आता नुसतं 'निगेटिव्ह' जात नाही. ओडी आणि कट-ऑफ दोन्ही छापतो आणि खाली ठळक अक्षरात: "मेंदूत एकच गाठ असल्यास किंवा गाठीत चुना साठला असल्यास ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. केवळ या निकालावरून एनसीसी नाकारू नये." काठावरचा निकाल असेल तर मी स्वतः फोन करते आणि गाठीचा आकार विचारते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे की २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूचा मध्य न सरकवणारी गाठ एनसीसीच्या बाजूने झुकते आणि मोठी, वेडीवाकडी गाठ टीबीच्या.

पॉझिटिव्ह रिपोर्टवर आणखी एक ओळ असते: घरातल्या सर्वांची विष्ठा फीतकृमीसाठी तपासावी. अंडी टाकणारा माणूस पुष्कळदा त्याच घरात किंवा त्या घरी जेवण करणाऱ्यांत असतो आणि त्याला काहीच त्रास होत नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली सोलियमची आणि गोमांसातल्या फीतकृमीची अंडी एकसारखी दिसतात आणि एका सॅम्पलमध्ये ती निसटतात, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे डबे मागवतो. त्या मुलीच्या आईला डबे देताना कसं बोलावं हे मला सुचेना. मी तिला कागदावर चित्र काढून अंड्याची वाट दाखवली, हातापासून भाजीपर्यंत. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, शेतावरच्या गड्यालाही एक डबा द्या. तो रोज आमच्याकडेच जेवतो."